गळालेली तारीख

पंचवीस एप्रिल चुकवायची असेल तर जगात एकच उपाय आहे, आणि तो ट्रेव्हर पेटिफरने शोधून काढला. ताहितीहून सिडनीला जाणाऱ्या जहाजात बसायचं. वाटेत भर समुद्रात एक रेघ लागते. दिसत कुणालाच नाही, पण मानतात सगळे. पश्चिमेकडे जाताना ती ओलांडली की कॅलेंडरातला एक अख्खा दिवस गळून जातो, पंचांगात तिथीचा क्षय होतो तसा. माणूस चोवीस तारखेला झोपतो आणि सव्वीसला उठतो. मधल्या तारखेबद्दल कोणी विचारत नाही.

ट्रेव्हरने हे सांगितलं तेव्हा त्याची बायको ग्लेनिस स्वयंपाकघरात ताटल्या पुसत होती.

"ग्लेन, असं एक जहाज आहे, ज्याच्यावर पंचवीस तारीख येतच नाही."

"येत नाही म्हणजे?"

"म्हणजे नाहीच. चोवीस झाली की थेट सव्वीस."

तिने हातातली ताटली फडताळात ठेवली, दुसरी उचलली, तीही पुसली. मग म्हणाली, "करून टाक बुक."

जेवण कसं असतं, समुद्र लागतो का, खोलीला खिडकी आहे का, यातलं तिने काही विचारलं नाही. खिडकी नव्हतीच.

त्यांचं गाव वॉलन क्रीक. मेंढ्या, गहू आणि धूळ. ट्रेव्हरने जन्मभर तिथल्या शेतांवरच्या पवनचक्क्या आणि पंप दुरुस्त केले, आणि ग्लेनिसने शाळेच्या कँटीनमध्ये पोरांना सॉसेज वाढली. पंचवीस एप्रिलला इतर सगळ्या देशासारखंच हे गावही अंधारात उठतं आणि युद्धात गेलेल्यांसाठी दगडी खांबापुढे जाऊन उभं राहतं. बिगुल वाजतो, मिनिटभर सगळे गप्प राहतात, मग न्याहारी, मग मिरवणूक, मग बिअर. मिरवणूक पेटिफरांच्या दारावरून जाते. घर हलवता आलं नाही म्हणून त्यांनी जहाज पकडलं.

त्यांचा मुलगा लॅकलन दोनदा अफगाणिस्तानात गेला आणि दोन्ही वेळा धडधाकट परत आला. हात, पाय, डोळे, सगळं जिथल्या तिथे. आईने विमानतळावर चाचपून खात्री केली होती. सहा वर्षांपूर्वी, पंचवीस एप्रिललाच, दुपारी जेवण झाल्यावर तो 'गवत कापायचं मशीन बघतो जरा' म्हणून मागच्या शेडमध्ये गेला आणि तिथे त्याने स्वतःला संपवलं.

गावच्या खांबावर युद्धात पडलेल्यांची नावं कोरली आहेत. लॅकलनचं नाव तिथे बसेना, कारण तो युद्धात पडला नव्हता. कमिटीतली माणसं हातात टोप्या धरून घरी आली आणि अगदी मनापासून वाईट वाटून हे सांगून गेली. कोणाचंच काही चुकलं नव्हतं. ग्लेनिसला एखाद्यावर आरडाओरडा करायला मिळाला असता तर बरं झालं असतं, पण गाव इतकं चांगलं वागलं की तीही सोय राहिली नाही. दर पंचवीस एप्रिलला दुपारनंतर शेजारणी झाकलेली पातेली घेऊन येत. ग्लेनिस थँक्यू म्हणे, पातेली फ्रिजमध्ये ठेवी, धुऊन परत करी.

रडली मात्र नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर गाल बधिर करतात ना, तशी ती झाली होती. बोलता येत होतं, खाता येत होतं, फक्त आपलं तोंड आपलं वाटत नव्हतं. डॉक्टरांचं इंजेक्शन संध्याकाळपर्यंत उतरतं. हिचं सहा वर्षं उतरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते उतरावं असं तिला वाटतही नव्हतं.

जहाजावरचे पहिले दिवस बरे गेले. बरे म्हणजे, गेले. ट्रेव्हर खालच्या मजल्यावर इंजिनाचा आवाज ऐकत उभा राही आणि कुठला पंप कुरकुरतोय ते वर येऊन सांगे. ग्लेनिस डेकवर खुर्ची टाकून बसे. शेजारच्या खुर्चीत नोएलीन डन्स्टन नावाची क्वीन्सलँडची बाई असे. तिला समोर ऐकणारं माणूस लागे. त्याने उत्तर दिलंच पाहिजे असा तिचा आग्रह नव्हता. दोघींचं छान जमलं. नोएलीन लाल लोकरीचं काहीतरी गोल गोल विणत असायची. लोकरीची लड सोडवायची असली की ग्लेनिस दोन्ही हात पुढे करून बसे आणि नोएलीन तिच्या मनगटांवरून लोकर काढत गुंडा करी. ग्लेनिसला हे काम आवडलं. यात नुसतं हात पुढे धरून बसायचं होतं.

"नातवंडांसाठी का?" एक दिवस तिने विचारलं. एवढं विणलं जातंय तर विचारायला हवं, म्हणून.

"कसली नातवंडं! त्यांना फोन द्या, बास. आजीने विणलेलं घालतील ती? अगं, ही पॉपीची फुलं. चोवीसला लागतील ना सगळ्यांना छातीवर लावायला."

"चोवीसला?"

"सकाळी. वरच्या पोहण्याच्या तलावापाशी. आमच्या मर्व्हने कॅप्टनलाच गाठला. म्हणाला, साहेब, तुमच्या जहाजावर पंचवीस तारीख नाही ही तुमची अडचण, आमची नाही. आम्ही स्मरणसभा करणारच. कॅप्टन बिचारा नॉर्वेचा, त्याला काय कळणार! हो म्हणाला."

ग्लेनिसच्या मनगटांवर लोकर तशीच होती. हात खाली घेता येईनात. नोएलीनचा गुंडा संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली.

हा मर्व्ह म्हणजे नोएलीनचा नवरा. नौदलातून निवृत्त झालेला. पोट पुढे, आणि आवाज पोटाच्याही पुढे. समोरची बाई विशीतली असो की नव्वदीतली, तो तिला 'राणी' म्हणायचा, आणि कोणाला राग यायचा नाही कारण तो सगळ्यांची सामानंही उचलून द्यायचा. त्या संध्याकाळी बारमध्ये त्याने म्हाताऱ्यांची सभा भरवली. स्मरणसभा करायची यावर एकमत होतं. कधी करायची यावर ग्लास आपटले जात होते.

"पहाट ती पहाट. चोवीसला उजाडताना करू."

"चोवीस म्हणजे पंचवीस का? त्यापेक्षा सव्वीसला करू."

"सव्वीसला? उशिरा? मेलेल्यांना काय सांगायचं, थांबा रे, आमचं जहाज लेट आहे?"

"गप्प बसा दोघंही," मर्व्ह म्हणाला. "आपल्या गावी पंचवीसची पहाट होईल, तेव्हा इथे चोवीसचे सकाळचे नऊ वाजलेले असतील. त्याच वेळी करायची. पहाट इथली नाही, घरची धरायची."

"नऊ वाजता पहाट! ऊन डोक्यावर आलेलं असेल, मर्व्ह. टोपी घालून पहाट करणारा तू पहिलाच."

"मग घाल की टोपी. नाहीतरी टक्कल आहे तुझं."

तिथे ते ठरलं. कोपऱ्यातल्या टेबलाशी ट्रेव्हर बसला होता. त्याची बिअर तशीच राहिली.

खोलीत आल्यावर ग्लेनिस म्हणाली, "आपण जायचं नाही."

"नाही जायचं."

"इथेच बसू. दार लावून."

"बसू."

तो फार पटकन हो म्हणत होता. ग्लेनिसने त्याच्याकडे पाहिलं; तो बुटांच्या नाड्या सोडत होता, ज्या सोडून झाल्या होत्या.

"मला एकच वर्ष हवंय, ट्रेव," ती म्हणाली. "एक वर्ष तो दिवस न येता जाऊ दे. कोणी बिगुल वाजवू नये, कोणी मला काही विचारू नये. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू."

"मिळेल तुला," ट्रेव्हर म्हणाला, आणि दिवा मालवला.

चोवीसला सकाळी ती आंघोळ करून बाहेर आली तेव्हा ट्रेव्हर खोलीत नव्हता. जरा पाय मोकळे करून येतो, असं तो दाराबाहेरून म्हणाल्याचं तिला पाण्याच्या आवाजात ऐकू आलं होतं. ती पलंगावर बसली. खिडकी नसलेल्या खोलीत सकाळ आणि दुपार सारखीच दिसते, आणि तिला तेच हवं होतं. एवढ्यात छतातला स्पीकर खरखरला. सगळ्यांनी वरच्या डेकवर यावं, टोपी आणि पाण्याची बाटली आणावी. स्पीकरला बटण नव्हतं. तिने शोधलं.

बटण शोधताना तिला कपाटातला रिकामा हँगर दिसला. त्यावर कालपर्यंत ट्रेव्हरचा निळा कोट होता, रात्रीच्या मोठ्या जेवणासाठी आणलेला. कप्प्यात त्याचे लोकरीचे मोजे पडले होते, एक गुंडाळलेला, एक उलगडलेला. ताहितीच्या उन्हात लोकरीचे मोजे कोण आणतं? ग्लेनिसने उलगडलेला मोजा उचलला. आतल्या बाजूला लोकर दबून तिथे एक आडवा वळ पडला होता. वितीपेक्षा लहान, लांबट आणि जड असं काहीतरी त्यात बरेच दिवस गुंडाळलेलं होतं. ते काय, हे तिला ताबडतोब कळलं. घरी ते ओसरीतल्या कपाटात असायचं आणि ती त्या कपाटाकडे बघायची नाही.

ती उठली आणि वर निघाली. राग आला होता असं म्हणता आलं असतं, पण राग यायलाही आत काहीतरी हलावं लागतं. ती गेली, एवढंच.

वर लख्ख ऊन होतं. तलावाभोवती शेदोनशे माणसं उभी होती. कोणी कोटात, कोणी चड्डीत, कोणी कोट आणि चड्डी दोन्हींत. छातीवर नोएलीनची लाल फुलं होती. बरोबर रोझमेरीची काडी लावायची रीत आहे, म्हणून मर्व्हने ती जहाजाच्या मुदपाकखान्यातून मिळवली होती. मटण भाजताना घालतात तीच ही, वाळकी. त्यामुळे सगळ्या जमावाला रविवारच्या जेवणाचा वास येत होता. कडेला नाश्त्याची टेबलं अजून आवरलेली नव्हती.

ट्रेव्हर तलावाच्या पायरीशी उभा होता, एकटा, पोक काढून. निळ्या कोटावर लॅकलनची पदकं होती. डाव्या बाजूला.

पदकांची तिथे एक रीत आहे आणि ती शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. स्वतः कमावलेली डाव्या छातीवर लावायची. बापाची, आजोबाची, गेलेल्या माणसाची लावायची तर उजव्या. डावीकडे लावणारा सगळ्या जगाला सांगत असतो की ही माझी. आणि दुसऱ्याची पदकं अशी स्वतःची म्हणून मिरवणाऱ्याइतका हलका माणूस त्या देशात नाही. चोर परवडला म्हणतात. त्यासाठी कायदासुद्धा आहे.

ग्लेनिस तिथवर पोचण्याआधी मर्व्ह पोचला होता.

"पेटिफर! छुपा रुस्तम निघालास की रे! एवढे दिवस बिअर प्यायलो बरोबर, एक शब्द बोलला नाहीस. कुठे होतास?" म्हणत त्याने पाठीवर थाप मारायला हात वर केला, आणि त्याची नजर पदकांवर गेली. हात तसाच खाली आला. "ही अफगाणिस्तानची आहेत."

ट्रेव्हर त्याच्याकडे बघत राहिला.

"वय काय तुझं?"

"सत्तर."

"सत्तर," मर्व्ह म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला की आसपासच्या लोकांनी माना वळवल्या. "म्हणजे पन्नाशीत कमांडो होतास म्हणायचा तू."

"नाही, मी... ही..." ट्रेव्हरने पदकांकडे पाहिलं, मग समोरच्या माणसांच्या छातीकडे, मग पुन्हा स्वतःकडे. आपण काय केलंय ते त्याला तेव्हा कळलं.

"हे बघ, मी सगळ्यांसमोर तमाशा करत नाही," मर्व्ह म्हणाला. "ती काढ, खिशात घाल आणि खाली जा. माझा भाऊ नौदलाच्या जहाजाबरोबर बुडालाय. त्याच्या दिवशी मला हे बघायचं नाही."

आता ग्लेनिसला परत फिरता आलं असतं. तिला कोणी पाहिलेलं नव्हतं. खाली खोली होती, दार होतं. ट्रेव्हर खाली आला असता, कोट हँगरला लावला असता, आणि दोघं सिडनीपर्यंत त्याबद्दल एक अक्षर बोलली नसती. अशी न बोलण्याची त्यांना चांगली सवय होती. ती दोन माणसांमधून वाट काढत पुढे गेली आणि मर्व्हच्या आणि नवऱ्याच्या मधे उभी राहिली.

"हलू नकोस," ती ट्रेव्हरला म्हणाली, शाळेत पोरांची नाकं पुसताना म्हणायची तशी. तिने डाव्या बाजूची पिन काढली. पदकं हातात आली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा जड होती आणि उन्हाने तापली होती. तिने ती उजव्या बाजूला लावली. कोटाचं कापड जाड, पिन जाईना. मग गेली.

"त्याची नाहीत," ती मर्व्हला म्हणाली. "आमच्या मुलाची आहेत. बाजू चुकली त्याची."

मर्व्हचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. "अरे देवा. राणी, माफ कर मला. मला काय माहीत... माफ कर, दोस्ता." आणि मग, वाईट वाटलेल्या भल्या माणसाने जे विचारायचं असतं तेच त्याने विचारलं. "कुठे पडला?"

हा एकच प्रश्न ऐकू येऊ नये म्हणून ग्लेनिस अर्धा समुद्र ओलांडून आली होती.

"घरी," ती म्हणाली. "परत आल्यावर. मागच्या शेडमध्ये. पंचवीस एप्रिलला दुपारी." मर्व्हला अजून नीट कळलं नसावं असं तिला वाटलं, म्हणून तिने पुरं केलं, "त्याचं त्यानेच."

सांगून झालं. आकाश कोसळलं नाही. नाश्त्याच्या टेबलावरून एक वेटर बश्या उचलत होता, त्या वाजत होत्या. तिला आत काही जाणवतं का ते तिने पाहिलं, तर काही नाही.

मर्व्हने पदकांकडे पाहिलं. मग त्याने हात पुढे केला.

"वाकडी लागलीत," तो म्हणाला, आणि त्याने ती सरळ केली. "नौदलात असताना या पायी फार शिव्या खाल्ल्यात मी. सरळ पाहिजेत." मग खाकरून म्हणाला, "दोघं पुढे येऊन उभे राहता?"

"नको," ग्लेनिस म्हणाली.

"बरं, राणी." आणि तो माइककडे गेला.

सभा झाली. दरवर्षीच्या त्याच ओळी म्हटल्या गेल्या आणि सगळ्यांनी शेवटचे शब्द पुटपुटले. बिगुल टेपवरचा होता. ज्या स्पीकरमधून रोज हाउजीचे आकडे यायचे त्यातूनच तो आला. मग शांतता. पुष्पचक्र समुद्रात टाकायला जहाजाच्या नियमात बसत नव्हतं, म्हणून ते पोहण्याच्या तलावात सोडलं. ते जरा वेळ मधे तरंगलं, मग पाणी ओढणाऱ्या पंपाने त्याला हळूहळू कोपऱ्यात नेलं, आणि तिथे ते जाळीला लागून गोल फिरत बसलं. एरवी ट्रेव्हरने पंपाचा दोष सांगितला असता. तो रडत होता, आवाज न करता, नाकातून पाणी वाहू देत. ग्लेनिसने त्याला रुमाल दिला आणि पुष्पचक्राकडे बघत राहिली.

नंतर रम घातलेली कॉफी आणि ओटची बिस्किटं वाटली गेली. दोघं कठड्याशी उभी राहिली.

"त्याला घरी एकट्याला ठेवून यायचं जिवावर आलं, ग्लेन," ट्रेव्हर म्हणाला.

"सहा वर्षं घरातच आहेत ना ती पदकं."

"तेव्हा आपण असतो घरात."

ग्लेनिसने त्याच्या कोटाकडे पाहिलं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "पण डावीकडे का रे?"

"तो लावायचा तिथंच लावली. माझी दिसतील असं डोक्यातच आलं नाही माझ्या."

नोएलीन चहा घेऊन आली. तिचे डोळे सुजले होते. "साखर घातलीय भरपूर," एवढंच म्हणून तिने कागदी कप ग्लेनिसच्या हातात दिला आणि गेली.

ग्लेनिस बिनसाखरेचा चहा पिते. पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं, आणि त्याच क्षणी तिला दुसरा कागदी कप आठवला. वॉलन क्रीक, पहाटेची सभा संपलेली, थंडी, अंधार नुकता निवळतोय. लॅकलन गर्दीतून दोन कप सांभाळत येतोय. तिने घोट घेतला तर पाक. 'अरे, साखर किती ही!' 'सैन्यात असाच मिळतो, आई. पी गुपचूप, नाहीतर मैदानाला चकरा मारायला लावीन.' ती सगळा प्यायली होती. तो अंड्याचा पाव खात होता, पिवळा बलक हनुवटीवर ओघळलेला. तिने अंगठ्याने पुसला. बत्तीस वर्षांचा बाप्या, सगळ्या गावासमोर, आणि त्याने हनुवटी पुढे करून तो पुसू दिला. त्याची दाढी अंगठ्याला टोचली होती.

सहा वर्षांत हे तिला एकदाही आठवलं नव्हतं. त्या दिवसाची दुपार एवढी मोठी होती की सकाळ तिच्याखाली पार चेपून गेली होती. आता ती निघाली आणि ग्लेनिसच्या शेजारी येऊन नुसती उभी राहिली. रडू आलं नाही. ग्लेनिस तो गोड चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली आणि तिने कप चुरगाळून कोटाच्या खिशात घातला. कोट ट्रेव्हरचा होता.

संध्याकाळी कॅप्टनने स्पीकरवरून जाहीर केलं की आपण आज रात्री रेघ ओलांडतो आहोत, तेव्हा उद्या सव्वीस एप्रिल. जेवणाच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या. ज्याचा वाढदिवस बुडाला होता अशा एकाने सगळ्यांना आपलं वय वाढलंच नाही असं ओरडून सांगितलं. ग्लेनिसने सूप संपवलं. जे मागितलं होतं ते मिळालं होतं.

सकाळी नाश्त्याला जाताना रिसेप्शनपाशी पाटी दिसली. सव्वीस एप्रिल. ग्लेनिस तिच्याखाली थांबली. सुटल्यासारखं वाटेल म्हणून ती वाट बघत राहिली. काही वाटलं नाही. मग वाटलं ते भलतंच. पर्समधून कोणीतरी काहीतरी काढून नेलं आहे, असं.

"तू हो पुढे," ती ट्रेव्हरला म्हणाली आणि रांगेत उभी राहिली. ट्रेव्हर पुढे झाला नाही. काउंटरवर मारिसेल नावाची फिलिपिनो मुलगी होती, रोज सगळ्यांना नावाने हाक मारणारी.

"गुड मॉर्निंग, मिसेस पेटिफर! काय हवं?"

"माझी पंचवीस तारीख कुठे गेली?"

मारिसेलला हसू आलं. दर फेरीला एक तरी प्रवासी हा विनोद करतोच. "समुद्रात पडली, मॅडम."

"परत मिळते का?"

"मिळते ना! उलट्या बाजूने जायचं. पुढच्या वर्षी सिडनीहून ताहितीला निघा. रेघेवर तारीख दोनदा येते. आज पंचवीस, आणि सकाळी उठून बघता तर पुन्हा पंचवीस. एकावर एक फ्री!"

"दोन नकोत," ग्लेनिस म्हणाली. "एकच पुरे. तीही अख्खी नको."

"मग केवढी देऊ?" मारिसेलने लिहून घेतल्यासारखी बोटं कीबोर्डवर ठेवली.

"सकाळची," ग्लेनिस म्हणाली. "दुपारी जेवायला बसेपर्यंतची."

मारिसेल हसली आणि मग हसायची थांबली. कारण समोरच्या बाईने काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली होती आणि तिच्या तोंडातून एक आवाज येत होता, जो तिचा तिलाच ओळखू आला नसता. मागे टॉवेल बदलून घ्यायला आलेला माणूस 'किती वेळ' म्हणायच्या बेतात होता, तो टॉवेल छातीशी धरून गप्प उभा राहिला. ट्रेव्हरने तिला काउंटरपासून सोडवायला हात पुढे केला. ती सोडेना. तेव्हा तो तिच्या शेजारी उभा राहिला, आणि त्यानेही ती कड धरली.